हात बसेपर्यंत

शिकवणाऱ्या हॉस्पिटलात भरती झालेल्या माणसाला आपलं दुखणं निदान चार-पाच वेळा सांगावं लागतं. आधी कॅज्युअल्टीत, मग वॉर्डात इंटर्नला, म्हणजे नव्या शिकाऊ डॉक्टरला, मग रेसिडेंटला, म्हणजे पुढचं शिकत वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरला, सकाळी विद्यार्थ्यांच्या घोळक्याला आणि शेवटी राउंडला आलेल्या सरांना. सांगून सांगून ते दुखणं घासून गुळगुळीत होतं. नको ते तपशील गळतात, पण कधी कधी नेमके हवे तेही गळतात.

पडून कपाळाला खोक पडलेले एक आजोबा आठवतात. मी वॉर्डातली नर्स; रात्री बीपीचा पट्टा बांधत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "डोळ्यांपुढे अंधारी आली, पुढचं काही आठवतच नाही." पहाटे इंटर्नने विचारलं तेव्हा ती 'जराशी चक्कर' झाली होती. रेसिडेंटच्या वेळी बाथरूममधली ओली फरशी आली. सकाळी सरांपुढे केस मांडली गेली ती 'पाय घसरून पडले' अशी, आणि आजोबांनीही मान डोलावली. मला त्याचं नवल वाटलं नाही. घसरलो म्हणून सांगायला काही जात नाही. शुद्ध हरपली होती हे चारचौघांत कबूल करायला भीती वाटते. पण घसरून पडलेल्याचं हाड बघतात आणि अंधारी येऊन पडलेल्याचं हृदय बघावं लागतं. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. "सर, रात्री आजोबा वेगळं सांगत होते," एवढंच म्हटलं. सर थांबले, परत खुर्ची ओढून बसले. मॉनिटर लावला, आणि दुपारच्या पट्टीवर दिसलं की ठोके मधूनच थांबतात, काही सेकंद सरळ रेघ, मग पुन्हा सुरू. आजोबांना पेसमेकर बसला.

यात माझी हुशारी काही नाही. कोणी प्रश्न विचारत नसताना मी तिथे होते, इतकंच. पेशंट खरं बोलतो ते बऱ्याचदा अशाच वेळी: चादर बदलताना, पाठ पुसताना, सलाईनचा थेंब मोजत उभं असताना. हिस्टरी घ्यायला कागद-पेन घेऊन बसलेल्या माणसापुढे तो परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतो.

या नोकरीची गंमत म्हणा, वैताग म्हणा, असा की इथे नर्स सोडून सगळे येऊन-जाऊन असतात. पेशंट बरा होऊन जातो, इंटर्न पोस्टिंग संपलं की जातो, रेसिडेंट कोर्स संपला की जातो. मग नवी बॅच येते. अमेरिकेत हा बदल १ जुलैच्या आसपास होतो, ब्रिटनमध्ये ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी. दोन्हीकडे त्या काळात पेशंटला धोका वाढतो का, यावर भरपूर अभ्यास झाले आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. काहींना थोडी वाढ दिसते, काहींना काहीच दिसत नाही. मला विचाराल तर त्या दिवसांत धोका वाढला नाही असं जिथे दिसतं, तिथे तो कोणीतरी अडवलेला असतो. त्या आठवड्यांत आमच्या जुन्या स्टाफपैकी कोणी रजा मागत नाही. तसा लेखी नियम नाही. कोण कुठली वस्तू कुठे ठेवतो, रक्तपेढीचा फोन लागत नसेल तर कोणाला गाठायचं, कुठल्या सरांना मध्यरात्री फोन केलेला चालतो आणि कोणाला नाही केला तर चालत नाही, हे सगळं वॉर्डाला माहीत असतं. वॉर्डाला म्हणजे आम्हाला.

म्हणजे शिकवणं आलंच. पण ते आमच्या कामाच्या यादीत नाही, आणि शिकवतोय असं दिसूनही चालत नाही. लिओनार्ड स्टाइन नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये यावर एक लेख लिहिला होता. डॉक्टर आणि नर्स यांच्यात एक खेळ चालतो, असं त्याचं म्हणणं. नर्सने सल्ला द्यायचा, पण तो सल्ला वाटता कामा नये. डॉक्टरने तो घ्यायचा, पण विचारलं असं दिसता कामा नये. दोघांनी नीट खेळलं की काम होतं आणि कोणाचा मानही जात नाही. त्याच स्टाइनने १९९० मध्ये सहकाऱ्यांबरोबर पुन्हा लिहिलं, की नर्सेसनी आता हा खेळ खेळायचं सोडलंय. ते वाचून मला हसू आलं. सोडला असेल काही ठिकाणी. आमच्याकडे तो अजून रोज चालतो, फक्त त्यात आता डॉक्टरच्या जागी बरेचदा डॉक्टर मॅडम असतात.

खेळ कसा, तर असा. नवीन रेसिडेंट, संध्याकाळची वेळ, एका पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम २.९ आलेलं. साडेतीनच्या वर हवं. त्याने घाईत ऑर्डर लिहिली: केसीएल २० एमईक्यू, आयव्ही, स्टॅट. म्हणजे पोटॅशियमचं औषध, शिरेतून, ताबडतोब. 'कशात घालून' नाही, 'किती वेळात' नाही. पोटॅशियमचं हे कडक द्रावण पाणी न घालता सरळ शिरेत ढकललं तर हृदय थांबतं, आणि ते परत सुरू करणं फार कठीण असतं. म्हणून कित्येक हॉस्पिटलांत त्याच्या अँप्यूल्स, म्हणजे छोट्या कुप्या, साध्या वॉर्डात ठेवतच नाहीत. मी केसपेपर घेऊन त्याच्याजवळ गेले. "सर, हे कुठल्या सलाईनमध्ये घालून देऊ? आणि किती तासांत लावू?" त्याने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोडून लिहिलं: अर्धा लिटर नॉर्मल सलाईनमध्ये, २ तासांत. मी "बरं" म्हणून निघाले. त्याला कळलं होतं, मलाही कळलं होतं, शेजारच्या पलंगावरच्या नातेवाइकांना काही कळलं नव्हतं. पुढे तो मुलगा ऑर्डर लिहिताना वेळ आणि पातळ करण्याचं प्रमाण कधीच विसरला नाही.

या पद्धतीचं मी कौतुक करते असं वाटेल. पूर्ण करत नाही. प्रश्नाच्या रूपात सांगायला वेळ लागतो, आणि समोरचा दमलेला असेल तर त्याला तो प्रश्न प्रश्नच वाटतो. तो आपलं उत्तर देऊन मोकळा होतो. "सर, बीपी जरा कमी वाटतंय का?" "हो का? बघू सकाळी." आता काय करणार? अशा वेळी आडून बोलण्यात अर्थ नसतो. नव्या मुलींना मी हेच सांगते की दोनदा विचारा, तिसऱ्यांदा सांगा, आणि तरीही नाही ऐकलं तर वरच्यांना फोन लावा आणि लावतोय हे त्या डॉक्टरला सांगूनच लावा. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून वैद्यकात आलेली निरोप द्यायची एक पद्धत आता जगभरच्या हॉस्पिटलांत शिकवतात, एसबीएआर नावाची. आत्ता काय झालंय, त्याच्यामागे काय आहे, मला काय वाटतं, मला काय हवंय. चार वाक्यांत फोन संपतो. पहिली दोन वाक्यं आम्ही पूर्वीपासून बोलत होतो. तिसरं आणि चौथं बोलायची मुभा आता कुठे मिळाली, आणि तोंडातून ती सहज निघायला अजूनही वर्षं जातात. कित्येक सिस्टर निवृत्त होईपर्यंत "मला काय वाटतं" गिळूनच बोलतात.

सगळ्यात जास्त शिकवणं होतं ते मात्र हातांचं.

इंटर्नचं पहिलं काम म्हणजे आयव्ही लावणं, म्हणजे शिरेत सलाईनची सुई बसवणं. पुस्तकात त्याने ते वाचलेलं असतं, रबराच्या हातावर केलेलं असतं. रबराचा हात दचकत नाही. मी शेजारी उभी राहते आणि हळू आवाजात बोलत राहते. पेशंटला वाटावं की मी त्याच्याशीच बोलतेय. हिरवी जाड सुई नको, गुलाबी घ्या. रक्त चढवायचं असेल, झपाट्याने सलाईन द्यायचं असेल तर हिरवी. शीर डोळ्यांनी शोधू नका, बोटाने चाचपा. निळी दिसते ती नेहमी चांगली नसते, दाबली की वर उसळते ती चांगली. फिस्टुला केलेल्या हाताला हातच लावायचा नाही, तो डायलिसिससाठी राखलेला असतो. कातडी खालच्या बाजूला ताणा. मनगट पेशंटच्या हातावर टेकवा, थरथर थांबेल. आता आत.

सुईच्या मागच्या चेंबरमध्ये रक्त दिसलं की पोराचा चेहरा उजळतो, आणि चूक नेमकी तिथेच होते. रक्त दिसलं म्हणजे सुईचं टोक शिरेत गेलं. वरची प्लास्टिकची नळी अजून बाहेरच असते. कारण सुई तिच्यापेक्षा किंचित पुढे असते. त्या क्षणी सुई आणखी आडवी करायची, अगदी जरासं पुढे जायचं, मग सुई जागेवर धरून फक्त नळी सरकवायची. आनंदात सगळंच पुढे ढकललं की सुई शिरेच्या दुसऱ्या भिंतीतून पार होते, आणि बघता बघता तिथे निळा फुगा येतो. दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे टुर्निकेट, म्हणजे हाताला आवळून बांधलेला पट्टा, सोडायला विसरणं. सुई काढली की रक्ताची धार चादरीवर, मग इंटर्न पांढराफटक, पेशंट पांढराफटक, आणि मावशी चादरीकडे बघून मला जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या वॉर्डात एक अलिखित दंडक आहे. एका माणसाने दोनदा टोचायचं, तिसऱ्यांदा हात बदलायचा. हा दंडक कोणी घातला माहीत नाही, पण तो पाळला जातोय की नाही हे बघणं आमच्याकडे आहे. कारण हात बसतो तो कोणाच्या तरी अंगावर. पोरं शिकतात, शिकायलाच हवीत, पण त्यासाठी टोचून घेणारा माणूस आजारी आहे आणि त्याने शिकवणीची फी घेतलेली नाही. काही पेशंट मोठ्या मनाचे असतात. "शिकू दे त्याला, घाबरू नको रे," असं म्हणून दुसरा हात पुढे करतात. पण काही जण नाही म्हणायचं धाडस नसल्यामुळे हात पुढे करतात. या दोन हातांतला फरक इंटर्नला ओळखता येत नाही. आम्हाला यावा लागतो.

शिकवण्याची किंमत पेशंटने मोजण्याची गोष्ट जुनीच आहे. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ मध्ये विद्यार्थ्यांच्या विभागात दर शंभरातल्या ११ बायका दगावल्या, सुईणींच्या विभागात ३ सुद्धा नाही. बायकांना हे ठाऊक होतं. त्या पहिल्या विभागात जायला लागू नये म्हणून विनवण्या करत. तिथल्या इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला कारण सापडलं ते १८४७ मध्ये. विद्यार्थी आणि डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि महिन्याभरात मृत्यू झपाट्याने खाली आले. जंतू म्हणजे काय हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. ही गोष्ट नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हात धुण्याचा धडा म्हणून सांगतात. मला ती शिकणाऱ्या हातांची म्हणूनच आठवते. त्यातल्या एकाही विद्यार्थ्याच्या मनात वाईट नव्हतं. ते मन लावून शिकत होते, आणि जितके मन लावून शवविच्छेदन करत तितका धोका वाढत होता.

म्हणून मग शिकवणारं हॉस्पिटल टाळावं का? नातेवाईक मला हे बाजूला घेऊन विचारतात. अमेरिकेत २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पासष्टीच्या पुढच्या पेशंटांच्या २ कोटींहून जास्त भरतींचा हिशोब मांडला होता. ३० दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण मोठ्या शिक्षण-रुग्णालयांत ८.३ टक्के, आणि न शिकवणाऱ्या रुग्णालयांत ९.५ टक्के. पेशंट किती आजारी होते याचा फरक धरूनही. असं का, याची कारणं बरीच असतील: यंत्रं, तज्ज्ञ, पेशंटांची संख्या. मी त्यात एक माझं घालते. जिथे पाच जण एकच पोट दाबून बघतात तिथे एखादा येडबंबू प्रश्न विचारतोच, आणि त्या प्रश्नाने कधी कधी अख्खं निदान फिरतं.

पाच जण पोट दाबतात, ही मात्र अडचणही आहे. एखाद्याची पोटातली प्लीहा चांगली बोटभर वाढलेली असली की त्याची कीर्ती हॉस्पिटलभर होते. सकाळी एक बॅच, दुपारी दुसरी, परीक्षा जवळ आली की संध्याकाळी चोरून आलेली तिसरी. विद्यार्थी त्याला नावाने नाही, पलंगाच्या नंबराने आणि प्लीहेने ओळखतात. विल्यम ऑस्लर हा आधुनिक वैद्यकशिक्षणाचा थोर माणूस. मुलांना वॉर्डात पेशंटजवळ नेऊन शिकवलं, माझ्या थडग्यावर एवढंच लिहा, अशा अर्थाचं तो म्हणाला होता. ते खरंच मोठं काम होतं. त्याआधी अमेरिकेत बरेचसे विद्यार्थी बाकावर बसून दुरून बघत. पण त्याच्या राउंडच्या वेळी पेशंटचं पांघरूण परत कोणी सारखं केलं, याची नोंद मला कुठे वाचायला मिळालेली नाही. आमच्याकडे ते मी करते. पडदा ओढते, "आता बास, त्यांना झोपू द्या," म्हणते, आणि पुढच्या बॅचला सांगते की आधी नाव विचारा, मग हात गरम करा, मग पोटाला लावा. या बाबतीत मी आडून बोलत नाही. इथे मला वाईटपणा चालतो.

रात्रीचं शिकवणं वेगळंच. दोन वाजता वॉर्ड शांत असतो असं बाहेरच्यांना वाटतं. रेसिडेंट खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला असतो, मोबाइल हातातच. त्याला उठवायचं की नाही, हा निर्णय रात्रीतून कितीतरी वेळा मी करते, आणि तो मला कुठल्या वर्गात शिकवलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये १८ वर्षांची एक मुलगी भरती झाल्यावर काही तासांत गेली. तिच्यावर उपचार करणारे रेसिडेंट किती तास सलग काम करत होते, यावरून मोठं वादळ उठलं आणि १९८९ पासून त्या राज्यात रेसिडेंटना आठवड्याला जास्तीत जास्त ८० तास, असा नियम आला. ८० तास हा दिलासा होता, यावरून आधी काय असेल ते समजावं. तर झोपलेल्या पोराची दया येते. म्हणून कामांची वाटणी करते: ही तापाची गोळी पहाटेपर्यंत थांबेल, हे सॅम्पल पाचला घेऊ, पण कोपऱ्यातल्या मावशींचा श्वास मला आवडत नाही.

श्वास हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. नाडी, बीपी, ऑक्सिजन यंत्र मोजतं. श्वास पूर्ण मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. तोही पेशंटला कळू न देता. कळलं की तो श्वास बदलतो. म्हणून नाडी बघून झाल्यावरही मनगट सोडायचं नाही आणि नजर छातीवर ठेवायची. मला हे एका जुन्या सिस्टरने शिकवलं. चार्टवर ओळीने सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसला की तो कोणी मोजलेला नाही, हे तिनेच सांगितलं. ब्रिटनमध्ये २०१२ पासून वापरात आलेल्या धोक्याच्या गुणांकनात मिनिटाला २५ किंवा जास्त श्वासांना ३ गुण आहेत, म्हणजे त्या एका आकड्यावरूनसुद्धा तातडीने कोणी येऊन बघायला हवं. कित्येक पेशंटांचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं आणि श्वास आधी काही तास बोलत असतो.

आणि कधी आकडे सगळे बरे असतात, तरीही मन खातं. रंग बदललेला असतो, माणूस उगाच चादर चिमटीत धरत असतो, काल भांडणारा आज "ठीक आहे" म्हणतो. सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलने १९९० च्या दशकात तातडीचं पथक सुरू केलं, तेव्हा ते बोलावण्याच्या निकषांत रक्तदाब, नाडी यांच्याबरोबर 'तुम्हाला या पेशंटची फार काळजी वाटते' हाही एक निकष ठेवला होता. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. काळजी वाटणं हे लक्षण म्हणून लिहिता आलं पाहिजे. आमच्याकडे अजून त्याला रकाना नाही, म्हणून आम्ही आकडे सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजत बसतो.

हे सगळं करायला वेळ कुठून येतो, याचं उत्तर असं की येत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांवर लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला २००२ चा अभ्यास आमच्यात तोंडपाठ आहे. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो. ड्यूटी लावताना पलंगांची संख्या मोजतात. त्या पलंगांभोवती उभ्या असलेल्या, हात न बसलेल्या पोरांची संख्या कोणी मोजत नाही. इंटर्नची पहिली ट्यूब घालून घ्यायला अर्धा तास जातो. मी एकटीने केली तर पाच मिनिटं. तो अर्धा तास कुठल्या तरी दुसऱ्या पेशंटच्या वाट्यातून जातो, आणि घरी जाताना तो कोणाच्या वाट्याचा होता हे मला बरोबर माहीत असतं. शिवाय आमच्या स्वतःच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी असतातच. त्यांना आम्ही शिकवायचं हे निदान कागदावर तरी आहे, पण डॉक्टरांची गर्दी झाली की त्याच मागे ढकलल्या जातात आणि चादरीचे कोपरे घडी घालत बसतात. मला ते बघवत नाही. श्वास मोजायला मी आधी त्यांनाच बोलावते.

मध्यंतरी आमच्याकडे एक फॉर्म आला होता. काही देशांत नव्या डॉक्टरांचं मूल्यमापन करताना नर्सेसचं मतही घेतात, त्या धर्तीवर. संवादकौशल्य, संघभावना, वक्तशीरपणा, पुढे एक ते पाच आकडे. मी इमानेइतबारे भरला. संवादकौशल्यात सगळ्यांना चार दिले. खाली 'इतर शेरा' म्हणून दोन ओळी होत्या, तिथे लिहिलं की रात्री हाक मारल्यावर हा उठतो, आणि आल्यावर केसपेपरच्या आधी पेशंटकडे बघतो. तीन इंटर्नना हा शेरा दिला, बाकीच्यांच्या ओळी कोऱ्या सोडल्या. फॉर्म वर गेले. पुढच्या बॅचच्या वेळी नवीन फॉर्म आला तेव्हा त्यात त्या दोन ओळी नव्हत्या. आकड्यात बसत नाहीत, असं कळलं. मग मी समासात लिहिलं.